काका, तुमची उलटी बाजू राहिली

जी बाई तुमच्या मागच्या बाकावर बसून आयुष्यभर तुमच्या सुरात सूर मिसळून गीतं गायली, तिला मेल्यावर तुमच्या शेजारी निजायला जागा द्याल का?

लगेच उत्तर देऊ नका. "हो" म्हणणाऱ्यांनीही देऊ नका. प्रश्न वाचणाऱ्याला आहे, तो इथेच ठेवते. यापुढचं सगळं मला एका माणसाशी बोलायचं आहे, आणि तो माणूस आता उत्तर देत नाही.

शांतवनकाका, तुम्ही असता तर पहिली हरकत इथेच घेतली असती. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असता, "मेलेल्या मानसाशी बोलाची परवानगी शास्त्रात कुठं हाय वं? वचन काढ." काढते. लढाईत जिवलग मित्र योनाथान पडला तेव्हा दावीद त्याच्याविषयी बोलत राहिला नाही, तो त्याच्याशी बोलला. 'माझ्या भावा' म्हणाला. पोटचा मुलगा अबशालोम गेला तेव्हा पुन्हा तेच. यावर तुम्ही म्हणाला असता, "तो विलाप होय. सिद्धान्त नाही." बरं, हाही विलापच समजा. मध्ये मध्ये सिद्धान्त येईल, कारण तुमच्याशी मला दुसरं काही बोलताच येत नाही.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा रविवारी उपासना झाली की स्कूटरच्या डिकीत तारणाची, म्हणजे प्रभू तारतो हे सांगणारी, पत्रकं भरून निघायचे. कधी बुटीबोरीच्या कारखान्यांच्या फाटकांशी, कधी भिवापूरच्या बाजारात. पत्रकं देऊन यायचे आणि मिरच्या घेऊन यायचे. शनिवारी घड्या घालायचं काम माझं. उरलेली, डाग पडलेली पत्रकं आमच्याकडे रद्दी म्हणून वापरात यायची, कारण ती एकाच बाजूला छापलेली असत. माझी बाराखडी, माझे पाढे, दूधवाल्याचा निरोप, सगळं तारणाच्या पाठीवर लिहिलेलं आहे. त्यामुळे मी बोलायला लागले तीही पत्रकासारखी. वर एक अंगावर येणारा प्रश्न, मध्ये तीन वचनं, खाली 'आजच निर्णय घ्या'. शाळेत बाईंना वाटायचं पोरगी हुशार आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाटायचं पोरगी आगाऊ आहे. तुम्हांला काय वाटलं ते तुम्ही मला पहिल्याच शुक्रवारी सांगितलंत.

तुमच्या समोरच्या खोलीतली ती शुक्रवारची बैठक. भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी खुर्च्या, मधे टीपॉयवर शेंगदाण्यांची परात, आणि दारात खाली बसून मेथी निवडणाऱ्या इंदूकाकू. तुम्ही मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांतले एक. पाळकसाहेबांच्या खालोखाल तुमचा शब्द. मी कॉलेजातली. त्या दिवशी विषय होता, प्रभूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, तर विश्वासणाऱ्याने दारू का पिऊ नये. मी उभी राहिले आणि धडाधड बोलले. बैठकीला नेमाने येणाऱ्या मोझेसभाऊंनी टाळीसुद्धा वाजवली. तुम्ही शेंगदाणे सोलत होता.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"झालं."

"मस्त बोलली. आता हेच उलट्या बाजूनं बोल."

"उलट्या बाजूने कशी बोलू? ती बाजू चुकीची आहे."

"हाव ना. मंग चुकीची बाजू तुले नीट येत असन. बोल." तुम्ही सालं फुंकून टाकलीत. "हे पत्रक हाय, मुली. पत्रकाची मागची बाजू कोरी रायते. पुढच्या शुक्रवारी मागची बाजू भरून आनजो."

मी घरी जाऊन पप्पांना म्हटलं, हा माणूस विश्वासात आहे की नाही? पप्पा म्हणाले, "तो आपल्या मंडळीतला सगळ्यात कडक माणूस आहे. म्हणून तर त्याच्या बैठकीला फार कुणी जात नाही."

तुमच्या बैठकीचा तो नियम नागपुरात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. या शुक्रवारी ज्या बाजूने बोललात, पुढच्या शुक्रवारी त्याच्या उलट बाजूने बोलायचं. थट्टा म्हणून नाही. समोरचा, ज्याची ती खरी बाजू आहे, तो म्हणाला पाहिजे की मलाही इतकं चांगलं मांडता आलं नसतं. मगच चहा. मोझेसभाऊ प्रत्येक बोलणाऱ्याला मान डोलवायचे आणि त्यांच्यावर पाळी आली की म्हणायचे, "मी तं भाऊ पयल्यापासून दोन्ही बाजूनं हाव, मले सूट द्या." तुम्ही त्यांना कधी सूट दिली नाहीत. एकदा तर त्यांना स्वतःशीच वाद घालायला लावलंत, आणि ते स्वतःशी हरले.

हा नियम तुम्ही कुठून आणलात ते नंतर कळलं. हिंगण्याच्या कारखान्यात तुमचं आयुष्य गेलं, कंपनीच्या बसने जाऊन-येऊन, तपासणी खात्यात. एकदा तुम्ही जुनं गेज खिशातून काढून दाखवलंत. दोन टोकांची छोटी पोलादी दांडी. म्हणालात, "पार्टमधी भोक पाडलं, तं हे टोक आत गेलं पायजे. अन् हे दुसरं टोक आत नाही गेलं पायजे. एकच टोक टाकून पाह्यलं अन् पास केलं, तं समज पार्ट पाह्यलाच नाही." मग ते गेज तुम्ही माझ्या पवित्र शास्त्रावर, बायबलावर, ठेवलंत. "यालेही दोन्ही टोकं लावून पाहाचं."

आणि दुसरा नियम, जो तुम्ही कमी वेळा सांगायचात पण जास्त पाळायचात: ज्या अर्थाने आपला फायदा होतो, त्या अर्थावर दुप्पट शंका घ्यायची. "आपल्या सोयीचं वचन लवकर सापडते. मंग समजाचं का आपण शोधत नोतो, खिसा चाचपत होतो."

किती विषय झाले, काका. लहान मुलांचा बाप्तिस्मा. कमाईचा दशांश मंडळीला द्यायचा का. स्त्रीने उपदेशाला उभं राहावं का. त्या विषयात तुम्ही उलट्या शुक्रवारी माझी बाजू अशी मांडलीत की मी तुमच्यावर चिडले. इतक्या दिवसांत हे मला का सुचलं नाही म्हणून. आणि तरी तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही शांतपणे परत आपल्या जागी जाऊन उभे राहिलात. "मत बदललं का?" मी विचारलं. "नाही. पन आता माह्या मताचं वजन मले मालूम हाय." उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून भांडायचो. लाईट गेली की कूलर थांबायचा आणि आपण दोघं एकदम ओरडताना सापडायचो. काकू दारातून म्हणायच्या, "हळू वं. बाजूच्यांले वाटन इथं जमिनीचा वाटा चालू हाय." आज ते वाक्य आठवलं की बसल्या जागी थांबायला होतं.

आता काकूंबद्दल. त्यांची ओळख इथे करून द्यायला हवी, कारण हे वाचणाऱ्या पुष्कळांनी त्यांना पाहिलं आहे पण ओळखलेलं नाही.

इंदूकाकू उमरेडच्या. कोष्टी घर, घरात माग. तुमच्याशी लग्न केलं आणि नागपूरला आल्या. त्या दिवसापासून दर रविवारी उपासनेला, शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. गीतं त्यांना पाठ, पुस्तक उघडायची गरज नाही. मंडळीत कुणी बाळंत झालं, कुणी पडलं, कुणी वारलं, तर पहिला डबा त्यांचा. नाताळच्या जेवणातला तो सावजी रस्सा, जो खाऊन पाळकसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी येतं, तो त्यांचा. पण काकूंनी बाप्तिस्मा घेतला नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, त्यांनी कधी मागितला नाही. मी एकदा पत्रकासारखं थेट विचारलं. मेथीची जुडी सोडता सोडता त्या म्हणाल्या, "तुह्या काकांच्या देवाले मी मानतच नाही असं नाही वं. रोज बोलनं होते माहं त्याच्याशी. पन पान्यात उतरली असती, तं मायले वाटलं असतं का पोरीनं आमाले धुवून काढलं. मायनं मले तोडलं नाही. मंग मी तिले कशी धुवू?"

त्यावर वचन काढायला मी तोंड उघडलं होतं. तुम्ही परातीतले शेंगदाणे माझ्या पुढे सरकवलेत. तोंड भरलं.

प्रभुभोजनाचा रविवार आठवतो. भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन वडील बाकांमधून फिरतात, आणि त्या ओळीचं ताट तुमच्याकडे असायचं. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं, हा नियम. तुम्ही काकूंच्या बाकापाशी यायचात. काकू पदर सावरून दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या. ताट त्यांच्यासमोरून पुढे जायचं. तुमचा हात कधी अडखळला नाही, त्यांची मान कधी वळली नाही. लहानपणी मी हे बघायचे आणि मला तुमचा राग यायचा. मोठी झाल्यावर जास्त यायला लागला.

मग एका अशाच रविवारी पप्पांनी मला काही द्यायला तुमच्याकडे पाठवलं. दार उघडंच होतं. तुम्ही दोघं जेवायला बसत होता. सकाळपासून तुम्ही उपाशी होता, हे मला माहीत होतं; भोजनाच्या रविवारी तुम्ही घरी येईपर्यंत काही खात नसायचात. काकूंनी ताट वाढलं. तुम्ही पोळी हातात घेतलीत, मोडलीत, आणि पहिला तुकडा काकूंना दिलात. त्यांनी घेतला. मग तुम्ही खाल्लंत.

"काका, हे काय?" मी दारातूनच विचारलं.

"जेवन."

"फक्त जेवण?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "पत्रक नोको छापू त्याचं."

आज छापते आहे. माफी मागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंडळीच्या कबरस्थानाच्या फाटकावर नवी पाटी लागली: फक्त बाप्तिस्मा झालेल्या सभासदांसाठी. नियम जुनाच होता, पण जागा कमी पडायला लागली तसा तो रंगवून टांगला. त्याच आठवड्यात मी बैठकीत विषय मांडला. नाव कुणाचं घेतलं नाही. खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि काकू दारात कांदे चिरत होत्या.

मोझेसभाऊंनी पहिल्यांदाच एक बाजू घेतली. "वहिनीच्या रश्शाले कुनी बाप्तिस्मा इचारला नाही. खाऊन घेतला सगळ्याईनं. आता मातीले इचारून राह्यले!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मी रूथची गोष्ट काढली. परक्या देशातली विधवा. सासूला म्हणाली, तू जिथे मरशील तिथे मी मरेन आणि तिथेच मला पुरतील. तिला कुणी सभासदत्व विचारलं नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "त्याच्या आधी ती काय म्हनली? तुहा देव तो माहा देव. पयले कबूल केलं, मंग कबर मागितली. क्रम वाच." बिनतोड. मला तुमचा राग आला आणि अभिमानही वाटला, हे दोन्ही एकाच श्वासात तुमच्याच खोलीत होऊ शकायचं.

पुढच्या शुक्रवारी बाजू बदलायची होती. मी नियमाच्या बाजूने उभी राहिले. मी म्हटलं, कबरस्थान ही जमीन नाही, मंडळी आहे. तिथे निजलेले सगळे एकत्र उठण्याची वाट बघत आहेत, आणि तसं त्यांनी जिवंतपणी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं. पाण्यात उतरणं म्हणजे ते सांगणं. ज्या बाईने ते सांगितलं नाही, तिला तिथे ठेवणं म्हणजे तिच्या तोंडात आपले शब्द घालणं. जिवंतपणी जी 'नाही' म्हणाली, तिच्याकडून मेल्यावर 'हो' वदवून घ्यायचं? याला प्रेम म्हणायचं की दादागिरी? आणि नियम काढला की त्याच्या जागी ओळख येते. आज या कबरस्थानात डॉक्टर आणि झाडूवाला एकाच ओळीत आहेत, कारण नियम कुणाचं तोंड बघत नाही. उद्या 'हिचं मन चांगलं होतं' म्हणून जागा द्यायला लागलो, तर चांगल्या मनाचे लोक नेहमी वजनदारांच्या घरातच सापडतील.

मी बसले. तुम्ही गेज बोटांत एकदा फिरवलंत. मग म्हणालात, "पास."

आणि दारातून काकू म्हणाल्या, "हे बराबर बोलली पोरगी."

काका, त्या वाक्यानंतर मला चहा गेला नाही. तुम्हांलाही गेला नसावा. तुमच्या कपावर साय धरली होती.

आता पाळी तुमची होती. रूथच्या बाजूने, काकूंच्या बाजूने, तुम्ही बोलायचं. तुम्ही म्हणालात, पुढच्या शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुम्ही दुसराच विषय काढलात, योनाला गिळणारा मासा, जो आपला कितीदा तरी सोलून झाला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाताळचा रस्सा झाला. मी टोमणा मारला, "काका, गेजचं दुसरं टोक हरवलं का?" दुसऱ्या कुणी नियम मोडला असता तर तुम्ही त्याला उभं केलं असतंत. मला म्हणालात, "थांब ना वं जरा."

मी थांबले. तुम्ही थांबला नाहीत. नव्या वर्षात सकाळी उठून देवघरात दिवा लावावा तसं तुम्ही रोजचं वचन वाचायला बसलात (ही उपमा तुम्ही खोडली असती, मी ठेवते) आणि काकू चहा घेऊन आल्या तेव्हा चष्मा पानावर होता आणि तुम्ही नव्हता.

मातीच्या वेळी सगळी मंडळी होती. गीत झालं, प्रार्थना झाली, मुठी टाकून झाल्या. काकूंनी मूठ टाकली ती हळूच, जशा त्या पिठात मीठ घालतात. मग खड्डा खणणाऱ्या माणसाने पाळकसाहेबांना विचारलं, अगदी कामाचा प्रश्न, त्याचा काही दोष नाही: "बाजूची सोडू का? जोडीची?" आमच्याकडे तसं सोडतात. नवरा गेला तर बायकोसाठी, बायको गेली तर नवऱ्यासाठी.

काकू तिथेच उभ्या होत्या. पाळकसाहेब मातीकडे बघत म्हणाले, "नंतर पाहू." त्यांना मी दोष देणार होते, पण त्यांचाही आवाज बसला होता. नंतर म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. ओळ पुढे सरकते. मंडळीत आता जो कुणी जाईल, तो तुमच्या शेजारी निजेल. तो किंवा ती देवमाणूस असेल, पण इंदूकाकू नसतील.

त्या संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर मी लिहिलं की हा प्रश्न वार्षिक सभेत घेतलाच पाहिजे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली: वाद नको, प्रार्थना करू या. तुमची इतकी आठवण मला मातीच्या वेळीही आली नव्हती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "प्रार्थना म्हणजे काय, देवाशी वादच होय ना? अब्राहामाले इचारा."

नंतरच्या शुक्रवारी सवयीने पाय तुमच्या घराकडे वळले. खुर्च्या भिंतीला टेकलेल्या. काकूंनी एकच उघडली, माझी. शेंगदाण्यांची परात आणली. आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

"उन्हाळाभर थे सकाळी कूलरमधी पानी टाकता टाकता तुह्याशी भांडत होते."

"माझ्याशी?"

"हाव. 'मुली, आईक आता' असं म्हनून सुरू. मी तिकडं चहा करून राह्यली अन् इकडं यांचं चालू. मले वाटलं फोनवर हाय का काय."

"काय म्हणायचे?"

"आता मले तुमचं सगळं थोडी येते? म्हने, अब्राहामाची बायको मेली तं त्याच्यापाशी पुराले जागा नोती. परक्या लोकाईनं देली. परक्याईनं देली तं आपण आपल्याले काहून देऊ नये, असं काहीतरी. मंग म्हने, प्रभूले सोताची कबर नोती. दुसऱ्याच्या कबरेत ठुला त्याले. ज्याले उसनी कबर भेटली, त्याच्या नावानं आपण फाटकाले कुलूप लावतो." काकूंनी परातीतली सालं गोळा केली. "लय मस्त बोलाचे वं. मग एक जागा याची. 'अन् माही बायको...' इथवर आले का बंद. पुढं काईच नाही. बादली भरून पानी आंगनात वाहून जाये. मले आवाज द्या लागे, अवो, पानी!"

"रोज तिथेच अडायचे?"

"रोज तिथंच."

काका, मी तुम्हांला भित्रे समजत होते. तसं नव्हतं. तो तुमचा दुसरा नियम होता. ज्या अर्थाने आपला फायदा, त्यावर दुप्पट शंका. रूथवर तुम्हांला बोलता आलं, अब्राहामाच्या बायकोवर आलं, प्रभूच्या उसन्या कबरेवर आलं. पण वाक्य काकूंपाशी पोचलं की ते तुमच्या खिशापाशी पोचायचं. आपल्याच शेजारची जागा, आपल्याच बाईसाठी, आपणच शास्त्रातून काढायची? तुम्ही ते वाक्य स्वतःला पास करू शकला नाहीत. मला वाटतं तुम्ही चुकलात. इतका प्रामाणिकपणा घरच्या माणसाला परवडत नाही. आणि तरीही, ज्या शहरात जो तो आपल्या सोयीचं वचन बोटावर घेऊन फिरतो, तिथे मला भांडायला असा माणूस मिळाला, यासाठी मी देवाचे आभार मानते. दोन्ही खरं आहे. तुमच्यामुळे मला आता एकाच बाजूने रडताही येत नाही.

मी काकूंना म्हटलं, मग आता घ्या ना बाप्तिस्मा. आई गेली तुमची. पाळकसाहेब आनंदाने देतील. प्रश्नच मिटेल.

त्या हसल्या. "आता घेतला तं लोक म्हनतीन, जागेपायी घेतला. अन् खरं सांगू का? मलेही तसंच वाटन."

तुम्ही दोघं एकाच गेजने तपासलेले होता, काका. हे मला आधी कसं दिसलं नाही?

मी उठले तेव्हा त्यांनी हात धरला. "माह्यासाठी भांडू नोको वं. अन् भांडाचंच असन, तं त्याईच्यासारखी भांड."

म्हणून हे असं लिहिलं आहे. नियमाची बाजू वर आली आहे, आणि ती मी जितकी चांगली मांडू शकत होते तितकी मांडली आहे. तुम्ही ती पास केली होती. तुमची उलटी बाजू काकूंनी ऐकली तेवढी आली आहे, अर्धी. माझं मत मी लपवत नाही: ती जागा इंदूकाकूंची आहे. त्या पाण्याला 'नाही' म्हणाल्या, आईसाठी. ज्याच्या नावाने पाणी आहे त्याला त्या कधीच 'नाही' म्हणाल्या नाहीत. हे दोन 'नाही' वेगळे ओळखता येत नसतील, तर आपण शास्त्र वाचत नाही, फाटकावरची पाटी वाचतो.

पण माझ्या मताला हात वर करा, असं मी सांगणार नाही. सांगितलं असतं तर तुम्ही शेंगदाण्यांची सालं फुंकून विचारलं असतंत, "झालं? आता मागची बाजू?"

तर आता परत वाचणाऱ्यांकडे वळते. ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत हा विषय येतो आहे. हे पत्रक पप्पांनी घड्या घालून दिलं आहे. ते या प्रश्नात नियमाच्या बाजूचे आहेत, तरी प्रत्येक घडी त्यांच्या हातची आहे. याचं शेवटचं पान मी मुद्दाम कोरं ठेवलं आहे. सभेला येण्याआधी ते भरा. जे माझ्या बाजूचे असतील त्यांनी नियमाच्या बाजूने लिहा. इतकं चांगलं, की पप्पा म्हणतील, मलाही असं जमलं नसतं. आणि जे नियमाच्या बाजूचे आहेत, जे काकूंचे कुणी लागत नाहीत, ज्यांचं कुणी त्या फाटकाबाहेर थांबलेलं नाही, त्यांना माझी विनंती अशी: त्या पानावर 'अन् माही बायको' एवढंच लिहा, आणि शांतवनकाकांचं वाक्य तिथून पुढे पुरं करा. तुमचा त्यात काही फायदा नाही. म्हणूनच तुम्हांला ते लिहिता येईल.